सुनैनाभाभीची नक्कल

आमच्या घरात गाणं कुणालाच येत नव्हतं, नकला मात्र सगळ्यांना यायच्या. बाबा तलाठ्याची करायचे, खुर्चीत बसता बसता त्यांना दम कसा लागतो ती. आई बाजारातून आली की टोपली उतरवायच्या आधी कॉलनीतल्या बाईंची करायची, "मावशी, हे सुके बोंबील ताजे आहेत ना हो?" अशी नाकातून. पण घरातली अव्वल नकलाकार मी. शाळेतले सर, देवळातला पुजारी, एसटीचा कंडक्टर, माझ्या तावडीतून कुणी म्हणजे कुणी सुटलं नव्हतं. संध्याकाळी चुलीवर तांदळाची भाकरी पडायला लागली, शेजारी कालवणात चिंचेचा कोळ पडून त्याचा आंबट वास घरभर झाला, की बाबा म्हणायचे, "वनू, कर गो सुरू." मग मी दारात उभी राहून सुरू करायची. मी सतरा वर्षांची होते आणि चार माणसांना हसवण्याइतकं मोठं काम जगात दुसरं नाही असं मला वाटायचं. अजूनही बरंचसं तसंच वाटतं, फक्त आता कोण हसतंय आणि कोण हसत नाही ते मी आधी बघून घेते.

आमचं गाव तारापूरच्या अलीकडे, खाडीला लागून. घराच्या पुढे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या आणि मागे भाड्याच्या पाच खोल्या. कारखाने वाढले तसं गावात ज्याच्याकडे चार हात जागा होती त्याने पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि बोईसरला कामाला जाणाऱ्या माणसांना दिल्या. आमच्या तिसऱ्या खोलीत रामनरेश आणि सुनैनाभाभी राहायचे. रामनरेश रंगाच्या कारखान्यात होता. दर आठवड्याला त्याचं बनियन वेगळ्या रंगाचं होऊन यायचं, आणि धुणं वाळत पडलं की या आठवड्यात कारखान्यात कुठला रंग काढलाय ते आम्हाला घरबसल्या कळायचं. भाभी लांबच्या गंगेकाठच्या गावची. घरात कुणी मासळीला शिवत नाही अशा माहेरातून निघून, तसल्याच सासरी जाऊन, ती बिचारी थेट आमच्या अंगणात येऊन पडली. आली त्या दिवशी समोर हजारो बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले, सगळ्यांची तोंडं उघडी. ती पेटी खाली टाकून ओरडली, "अरे दइया रे दइया, ई मछरिया तो हमको देख के हँसत है!" आई हसता हसता खालीच बसली.

ते वाक्य माझं हुकमी झालं. डोळे मोठे करायचे, पदर दातात धरायचा, "दइया" वर आवाज चढवायचा आणि "हँसत है" ला खाली सोडून द्यायचा. गावात कुठेही गेले तरी लोक म्हणायचे, भाभीची कर. भाभी स्वतःही म्हणायची. माझं नाव वनिता, पण तिच्या तोंडी त्यातल्या व चा ब व्हायचा, मला ती 'बनीता बबुनी', म्हणजे वनिता पोरी, म्हणायची. "ए बनीता, तनिक हमारी नकल करो ना," असं म्हणून भिंतीला टेकून बसायची आणि सगळ्यांत जास्त तीच हसायची, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझा तिच्यावर जीव होता. हे मी आज स्वतःला सोडवून घ्यायला लिहीत नाही. जीव असूनही माणूस काय करतो, तेवढंच मला सांगायचंय.

स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी आमचा रेडिओ असायचा. बोईसरला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक छोटं केंद्र सुरू झालं होतं. वाणगावपासून केळव्यापर्यंत ऐकू यायचं, त्यापुढे नुसती खरखर. संध्याकाळी सातला तिथे 'आपली माणसं' लागायचं, लोकांनी फोन करायचे आणि बंधूने उत्तरं द्यायची. बंधूचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आवाज मात्र अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होता. गुळाच्या पाकासारखा आवाज. सुरुवातीला तो भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचा, कुणाची शेळी हरवली, कोण दहावी पास झालं, असलं सांगायचा. आई म्हणायची, आपल्या घरातलाच कुणीतरी वरच्या माळ्यावर बसून बोलतोय असं वाटतं.

मग कधीतरी त्याचा सूर पालटला. नेमका केव्हा ते सांगता येत नाही, दूध नासतं तेव्हा तरी कुठे कळतं. खाडीत मासळी उरली नव्हती. पाणी एक दिवस तांबडं असायचं, एक दिवस पिवळं, आणि बाबांची होडी दोन वर्षं किनाऱ्यावर पालथी पडली होती, आई दुसऱ्यांच्या बोटींवरचे बोंबील विकत घेऊन वाळवायची. गावातली शिकलेली पोरं कारखान्याच्या गेटवरून परत यायची. हे दुःख खोटं नव्हतं, आणि त्याच्याबद्दल बोलणारा दुसरा कुणी नव्हता हेही खरं. बंधूने फक्त त्या दुःखाला एक पत्ता दिला. "मी कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणायचा, "पण आपल्या तोंडचा घास कोण पळवतंय ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गल्लीत आले किती, ते मोजा आणि मला सांगा." लोक मोजायचे आणि सांगायचे. आमच्याकडे सहा झाले, आमच्याकडे अकरा झाले. खाडीत पाणी कोण सोडतं हे त्याने एकदाही विचारलं नाही. बाबा भाकरी मोडता मोडता मान डोलवायचे. मागे पाच खोल्या भरलेल्या आणि पुढे हे मान डोलावणं! आई एकदा चिडून म्हणाली, "ते गेले तर खोल्या कोनाला द्याल? बोंबलांना?" बाबा म्हणाले, "आपले चांगले हायेत. तो बाकीच्यांचं बोलतो." प्रत्येक घरात हेच म्हणत असणार. आपले चांगले, बाकीचे वाईट. तसं पाहिलं तर बाकीचे कुठे राहतच नव्हते. हल्ली आमच्या नात्यातल्या मंडळींच्या फोनवर रोज सकाळी काय काय येतं ते वाचताना मला तोच गुळाचा आवाज ऐकू येतो, आणि मी फोन पालथा ठेवते.

दिवाळी सरली की सहाव्या दिवशी भाभीची छठ यायची. चार दिवसांचं व्रत. पहिल्या दिवशी न्हाऊन एकवेळ जेवण, दुसऱ्या संध्याकाळी गुळाची खीर खाऊन जे तोंड बंद व्हायचं ते थेट चौथ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तिसऱ्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला पाण्यात उभं राहून अर्घ्य द्यायचं आणि चौथ्या सकाळी उगवत्याला. सासूने ते व्रत तिच्या हाती सोपवलं होतं, मोडायची सोय नव्हती. सगळ्या वस्तू सोवळ्यातल्या लागायच्या, आणि राहायचं कोळ्याच्या अंगणात! आईने त्यावर स्वतःचा कायदा केला होता. ते चार दिवस अंगणातल्या वलांड्या मोकळ्या, बोंबील सगळे किनाऱ्यावर. पूजेची नवी सुपं ती वाणगावच्या बाजारातून डोंगरातल्या बायकांकडून आणायची, आणि आपल्या हाताला मासळीचा वास म्हणून ती कधी हाताने धरायची नाही, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून काखेत मारून आणायची आणि भाभीच्या दारात फडक्यासकट ठेवायची. "तिचा देव वासाला कच्चा हाय," म्हणायची आणि हसायची. त्या चार दिवसांत आमच्या घरी कालवणाऐवजी वरण असायचं आणि बाबांचं तोंड वाकडं.

त्या वर्षी पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी बंधूने विषय ठेवला होता, 'आपला किनारा आणि त्यांचे सण'. आई बोईसरला बाजारात बसली होती, बाबा नाक्यावर गेले होते. मी भाकरीचं पीठ भिजवून ठेवलं आणि बाबांचा फोन घेतला. खरं सांगते, विषयाशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला रेडिओवर यायचं होतं. वाणगावपासून केळव्यापर्यंत सगळ्यांनी माझी नक्कल ऐकावी, एवढंच डोक्यात होतं. फोन लागला आणि बंधू म्हणाला, "बोला, आपलं माणूस कुठून बोलतंय?" मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हटलं, मला नक्कल येते, करू का? आणि केली. पलीकडून बंधू असा खदखदून हसला की माझ्या अंगावर काटा आला. "अजून एकदा ताई, अजून एकदा!" मी आणखी दोनदा केली, जरा चढवूनच. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आणि ही बाई राहते कुठे?" आमच्याच मागे, मी म्हटलं. "मग परवा पूजेला कुठे जाणार?" होड्या लागतात तिथे, मी म्हटलं, तिथे उतार बरा आहे. त्याचा आवाज एकदम हळू झाला. "होड्या लागतात तिथे," तो म्हणाला, "ऐकताय ना मंडळी? ज्या जागेवर आपल्या होड्या आता लागत नाहीत, तिथे परवा हे उभे राहणार." मला शाबासकी देऊन त्याने फोन ठेवला. मी नाचत नाचत भाकऱ्या केल्या.

बाजारात चपलांच्या दुकानात रेडिओ चालू होता, तिथे आईने ऐकलं. घरी आली ती टोपली न उतरवता दारात उभी राहिली. "उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली. "जागा कशाला सांगितलीस गो? ती काय बोलते ते सांगितलंस ते सांगितलंस, जागा कशाला?" बाबा आले होते, ते म्हणाले, बंधूचं ऐकून गावातली पोरं येतील, नुसती उभी राहतील, काही करणार नाहीत. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्या जा आनि तिला सांग. तू फोन केलास, पोरं येतील, सगळं सांग. सालवडच्या बाजूला तळ्यावर कामगार पूजेला जमतात, तिकडं जा म्हन." मी म्हटलं, आई, तूच सांग ना. ती म्हणाली, "तोंड तुजं उघडलं, आता तुज्याच तोंडानं सांग. सांगितलंस तर ती मापी देईल. ती तशीच हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले. खोली सारवल्यासारखी स्वच्छ, भाभी नवी साडी नेसून जमिनीवर बसली होती, विटांच्या चुलीवर गुळाची खीर झाली होती. पूजा आटोपून तिने पहिला घास घेतला आणि मग मला पानावर खीर वाढली. "खाओ बबुनी." मी खायला लागले. ती माझ्याकडे बघत होती, नेहमीसारखी हसत नव्हती. "कुछ कहना है का?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने खिरीचं भांडं झाकलं. मग पुन्हा विचारलं, "सच में कुछ नाहीं?" आणि मी म्हटलं, "खीर अच्छी है भाभी." पान चाटून पुसून खाल्लं आणि परत आले. आईने विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. काय बोलली? मी म्हटलं, बरं म्हणाली, तळ्यावर जातो म्हणाली. इतकं सगळं मी जागच्या जागी रचून सांगितलं. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. फोन केला तेव्हा मी मूर्ख होते, त्याची लाज मला हळूहळू कमी वाटत गेली. या खोट्याची लाज मात्र मी जशीच्या तशी बाळगून आहे.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर रामनरेश डोक्यावर टोपली घेऊन निघाला, मागे भाभी, तिच्या मागे शेजारच्या खोल्यांतल्या दोघी उसाच्या कांड्या घेऊन. आई दारात जाळं विणत बसली होती. ते रस्त्याला लागून सालवडकडे न वळता सरळ खाडीच्या वाटेने उतरले. आईने हात थांबवून ते पाहिलं, आणि मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जाळं तिथेच टाकून त्यांच्या मागे धावली आणि मी तिच्या मागे.

आम्ही पोचलो तेव्हा पंचवीस-तीस पोरं होड्यांच्या रांगेत उभी होती. त्यातली निम्मी माझ्या ओळखीची, दोघे तर माझ्या वर्गातले. भाभी कमरेइतक्या पाण्यात होती, सूर्याकडे तोंड करून, हातात एक सूप. बाकीची सुपं काठाला मांडली होती, त्यांत केळी, नारळ, तिने तळलेले कणीक-गुळाचे ठेकुए. आधी पोरं नुसतीच उभी होती, बाबा म्हणाले होते तशी. मग एकजण ओरडला, "अरे दइया रे दइया!" आणि सगळ्यांनी धरलं, "ई मछरिया तो हमको देख के हँसत है!" पुन्हा पुन्हा, टाळ्या वाजवत. हुबेहूब माझ्यासारखं. 'दइया' वर आवाज चढवत, 'हँसत है' ला खाली सोडत. रेडिओवरून शिकले होते. कुणीतरी पहिलं सूप लाथेने उडवलं, मग सगळीच उडाली. रामनरेश आडवा आला तर त्याला ढकललं, होडीच्या कडेवर त्याचं कपाळ आपटलं आणि फुटलं.

भाभी वळली नाही. मागे काय चाललंय ते सगळं तिला ऐकू येत होतं, पण सूर्य अजून टेकला नव्हता आणि अर्घ्य पुरं व्हायचं होतं. ओहोटी लागली होती. सुपं, केळी, ठेकुए तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत खोल पाण्याकडे निघाले. आई साडीसकट पाण्यात घुसली, तरंगणाऱ्या सुपापर्यंत पोचली आणि हात पुढे करून थांबली. दुपारीच तिने किनाऱ्यावर बोंबील साफ केले होते. तिने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले. मग ती भाभीच्या पुढे जाऊन, पदर पाण्यात पसरून आडवी उभी राहिली, नुसत्या अंगाने. दोन सुपं येऊन तिच्या पदराला अडकली, तिसरं निसटलं. पोरं हळूहळू गप्प झाली. गावातली बाई अशी उभी राहिलेली पाहून त्यांना काय करावं ते सुचेना. सूर्य बुडेपर्यंत त्या दोघी तशाच उभ्या होत्या, एक सूर्याकडे तोंड करून आणि एक पाठ करून.

चौथ्या सकाळी भाभी पाण्यावर गेली नाही. आईने अंगणात नवीन प्लास्टिकचा टब आणून ठेवला, रामनरेशने पट्टी बांधलेल्या डोक्याने विहिरीचं पाणी भरलं, आणि त्यात उभं राहून तिने उगवत्या सूर्याला अर्घ्य दिलं. गावातले सातआठ लोक कुंपणाबाहेर थांबून बघत होते. त्यांत बाबाही होते, आपल्याच कुंपणाबाहेर. त्या संध्याकाळी बंधू रेडिओवर म्हणाला की झालं ते वाईट झालं, पण आपली पोरं भावनाशील आहेत. त्याच्या माणसाने बाबांच्या फोनवर फोन करून मला पुन्हा कार्यक्रमात बोलावलं. बाबांनी फोन बंद केला आणि रेडिओ फळीवरून काढून पेटीत टाकला. तेव्हा मला बाबांचा खूप राग यायचा, आता ते आठवले की त्यांची पालथी होडीच आधी आठवते.

उपास सुटल्यावर मी भाभीसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. फोन, जागा, आईशी बोललेलं खोटं. रडत सांगितलं. ती उसाचं कांडं सोलत होती, सोलत राहिली. मग म्हणाली, "रेडियो तो हम उसी दिन सुने थे. पड़ोसिन के इहाँ. तुम्हारी मराठी नाहीं समझे, बाकी आवाज पहचान गए." म्हणजे खीर वाढताना तिला माहीत होतं. दोनदा विचारलं होतं तिने. मी म्हटलं, भाभी, माफ करो. ती म्हणाली, "किए." आणि खरंच केलं असणार, आई म्हणाली तशी ती होतीच. मग तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे, खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "बनीता, एक बात बताओ. हम सच में अइसे बोलते हैं?"

ती आणखी दोन वर्षं आमच्या तिसऱ्या खोलीत राहिली. नवऱ्याशी, शेजारणींशी ती तिच्या भाषेत बोलायची, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. पण मी समोर आले की मराठी. "वनिता, पानी आला काय." "वनिता, आई कुठे गेली." व सुद्धा नीट म्हणायची, ओठ दाबून, आधी मनात म्हणून बघितल्यासारखा. कधी चुकली तर मध्येच थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. गावात सगळे कौतुक करायचे, काय छान शिकली हो मराठी.